चौदा नंबरच्या दगडाखाली

पँक्राझ ड्युचच्या पोटात काय आहे ते फक्त त्याच्या बायकोला ठाऊक असतं, आणि तेसुद्धा तो जेवून उठला की, असं लिंडरॉइटमध्ये सगळे म्हणत. माणूस घुमा नव्हता. टोपल्या विणायला बसला की विलोच्या फांद्या यंदा कशा कडक निघाल्या, मुळे कसे पोकळ झाले, पाद्रीबुवांचं प्रवचन कसं लांबलं, यावर तासभर बोलायचा. पण कुणी विश्वासाने कानात काही सांगितलं की ते तिथेच गडप. नवी शिक्षिका कुणाला नाही म्हणाली, दूधवाल्याच्या दुधात पाणी आहे की पाण्यात दूध, सगळं त्याला माहीत असे. विचारलं की खाली मान घालून म्हणे, "ते सांगता येत नाही," आणि पुढची काडी वळवे.

याच गुणावर तो चोविसाव्या वर्षी सातवाल्यांत गेला.

सातवाले म्हणजे गावच्या हद्दीचे शपथ घेतलेले सात जण. आमच्या शिवारात आणि शिवेवर दोनशेबारा दगड आहेत, आणि प्रत्येक दगडाखाली एक खूण पुरलेली आहे. ती कशी आणि कुठल्या क्रमाने ठेवायची ते फक्त या सातांना माहीत. लिहून ठेवायची नाही, बायकोला सांगायची नाही, मरताना पाद्रीलाही नाही. एखाद्याने पहाटे पहार घेऊन शेजाऱ्याच्या रानात दगड दोन हात सरकवला, तर दगड सरकतो आणि खूण मागे राहते, की चोर सापडला. एक जण गेला की उरलेले सहा मिळून नवा निवडतात आणि दगडाजवळ उभं करून त्याच्या कानात खूण सांगतात. जागा मरेपर्यंतची.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या वसंतात पँक्राझ सातवाल्यांचा म्होरक्या होता, वय त्रेपन्न, आणि त्याच्या डोक्याला एक घोर होता. हानेस चांभार गेल्याला दोन वर्षं झाली तरी सातवी जागा भरत नव्हती. उमेदवार पुष्कळ होते. पण एकाची जीभ बिअरच्या दुसऱ्या मगापर्यंतच जागेवर राही, दुसऱ्याला झोपेत बोलायची खोड होती हे त्याचीच आई गावभर सांगे, आणि तिसऱ्याने तर आपण सातवाल्यांत येणार ही गोष्टच आठ दिवसांत तीन गावांत पोहोचवली. "ज्याला तोंड मिटता येतं असा एक माणूस या गावात उरला नाही," असं पँक्राझ म्हणे.

"माणूस नसेल," बाबेट म्हणे, आणि ताटात बटाट्याचा गोळा वाढे.

बाबेट त्याची बायको. माहेर पलीकडचं क्राउसडोर्फ, मधे मूसबाख ओढा. गोरी, रुंद हाडाची, आणि आमच्या गावात हसताना सगळ्यांत लांबून ऐकू येणारी बाई. लग्न झाल्यापासून जेवताना तिचा एक प्रश्न ठरलेला.

"आज तरी सांग. काय असतं रे त्या दगडांखाली?"

"ते सांगता येत नाही."

"बरं. गोळा आणखी एक वाढू का, हे तरी सांगता येतं?"

"ते येतं. दोन वाढ."

अठ्ठावीस वर्षं हेच. तो कधी चिडला नाही, तिनेही कधी सोडलं नाही.

मग कागद आला. छोट्या ग्रामपंचायती मोडून मोठ्यांत मिसळायचं सरकारने ठरवलं होतं. तीनशेबारा डोक्यांचं लिंडरॉइट एका बाजूच्या मोठ्या पंचायतीत, क्राउसडोर्फ दुसऱ्या बाजूच्या. सरपंचांनी दोन दिवस दाढी केली नाही, एवढा त्यांनी शोक पाळला. पण खरी कळ दुसऱ्या पानावर होती. एक मेच्या आत हद्द पक्की करायची, आणि क्राउसडोर्फने चौदा नंबरच्या दगडावर हरकत घेतली होती.

चौदा नंबरचा दगड म्हणजे आमच्या नाचाच्या लिंडनपासून वीस पावलांवरचा. हे झाड साधं नाही. त्याच्या खालच्या फांद्या आडव्या वाढवून दगडी खांबांवर टेकवल्यात, त्यांवर लाकडी तक्तपोशी टाकलीय, बाजूला जिना. केर्वाला, म्हणजे आमच्या जत्रेला, वाजंत्री वर चढतात आणि जोडपी पानांच्या आत नाचतात. गावातली निम्मी लग्नं त्या तक्तपोशीवर ठरली आहेत, उरलेली निम्मी तिच्याखाली. पंचायत गेली तर गेली, शिक्का गेला, पाटी गेली, पण लिंडन गेलं तर लिंडरॉइट म्हणायचं कशाला?

झालं होतं असं, की जुना दगड पंचेचाळीस सालच्या एप्रिलात अमेरिकन रणगाड्याखाली गेला. चार वर्षांनी दोन्ही गावांच्या सातवाल्यांनी मिळून तिथे नवा रोवला. त्या दिवशीचा कागद शाळेच्या माळ्यावर ठेवला होता, छप्पर गळलं आणि शाईचा नुसता निळा डाग राहिला. नकाशात लिहिलेलं एवढंच, की हद्द 'मोठ्या झाडाजवळून' जाते. झाडाच्या अलीकडून की पलीकडून, ते झाडालाच माहीत. क्राउसडोर्फवाल्यांचं म्हणणं, दगड एकोणपन्नासमध्ये लिंडनच्या अलीकडे बसवला होता, नंतर लिंडरॉइटच्या लोकांनी तो गुपचूप पलीकडे नेला. म्हणजे झाड त्यांचं.

"सोपं आहे," सरपंच म्हणाले. "दगड उचलू. खाली खूण असली की तो सातवाल्यांनीच रोवलाय, हललेला नाही. त्यांची तोंडं बंद. काय पँक्राझ?"

पँक्राझने मान हलवली. त्या दिवशी तो एकच गोळा खाऊन उठला.

कारण चौदा नंबरच्या दगडाखाली खूण नव्हती. हे जगात फक्त त्यालाच माहीत होतं, निदान तो तसं समजत होता.

एकोणपन्नास सालचा केर्वाचा सोमवार. तरणी पोरं लढाईत गेलेली, म्हणून दोन्ही गावांचे सातवाले पांढऱ्या मिशांचे, त्यांत हा एकटा चोवीस वर्षांचा, नुकताच कैदेतून परत आलेला, नुकतीच शपथ घेतलेला. दुपारी दगड रोवायचा होता. खुणांची पिशवी म्हाताऱ्या म्होरक्याने याच्याकडे दिली. गावातून लिंडनकडे जायला सरळ वाट आहे, दहा मिनिटांची. हा गेला ओढा ओलांडून क्राउसडोर्फवरून, कारण तिथल्या एका स्वयंपाकघराच्या खिडकीत बाबेट क्युखले तळत होती.

तिने त्याला बशीत घालून दिले. गरम, फुगलेले, वर साखर. बशी तिच्या आईच्या डझनातली, निळ्या काठाची, मधे कोंबडा रंगवलेला. आईचा जीव त्या बश्यांवर. चौथा क्युखला तोंडात असताना आतून आईच्या सपाता वाजल्या, पँक्राझ दचकला, बशी खिडकीच्या दगडावर आपटून दुभंगली. कोंबड्याचं डोकं बाबेटच्या हातात राहिलं, शेपटीकडच्या भागाचे तीन तुकडे त्याच्या हातात. ते त्याने खिशात कोंबले आणि पळत सुटला. ओढा एका उडीत ओलांडला. उडी चांगली बसली, फक्त पिशवी मधेच राहिली, मूसबाखच्या पाण्यात.

लिंडनजवळ सगळे वाट बघत होते. आमच्याकडची रीत अशी, की खड्ड्यात एकच जण उतरतो आणि बाकीचे त्याच्याकडे पाठ करून कडं करतात, म्हणजे कुणाला डोकावता येऊ नये. उतरला पँक्राझ. वर तेरा म्हाताऱ्या पाठी, खाली ओली माती आणि हा. खुणा ओढ्यात गेल्या म्हणून सांगावं तर पिशवी घेऊन ओढ्यावर गेलास कशाला, असं विचारणार. ते सांगावं तर बाबेटचं नाव येणार, आणि तिच्या आईच्या कानावर जाणार. त्याने खिशात हात घातला, कोंबड्याची शेपटी काढली आणि तीन तुकडे मातीत नीट मांडले. वर दगड बसला.

पुढच्या वसंतात लग्न झालं. हुंड्यात अकरा बश्या आल्या.

नंतर सगळं आयुष्य पँक्राझने इतक्या काटेकोरपणे दगड रोवले, की मोजणीखात्यातले लोकही त्याचं नाव घेत. पण चौदा नंबरवरून जाताना तो टोपी सरळ करायचा आणि पाय उचलायचा.

हरकतीचा कागद आल्यानंतरच्या रविवारी शोर्श जेवायला आला. हा बाबेटचा धाकटा भाऊ, एकोणचाळीस वर्षांचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आणि क्राउसडोर्फच्या सातवाल्यांचा म्होरक्या. हरकत त्याच्याच सहीने आलेली. पण रविवारचं जेवण बहिणीकडे, हा नेम त्याने कधी मोडला नव्हता आणि या रविवारीही मोडला नाही.

"काय मेहुण्या," बसता बसताच तो म्हणाला, "यंदाच्या केर्वाला आमच्या झाडावर नाचायला येणार ना? तुम्हाला पाहुणे म्हणून पहिली रांग देऊ."

"शोर्श, जेव," बाबेट म्हणाली.

"जेवतोय. मी फक्त म्हणतोय, लिंडरॉइटवाल्यांनी आतापासून आमच्या सरपंचांना सलाम करायची सवय करावी."

"तुझ्यासारख्याला जिना चढता येतो का आधी बघ," पँक्राझ म्हणाला. "मागच्या वर्षी दोघांनी उतरवला तुला."

"उतरवला, पण गात होतो!" शोर्श हसला. मग काटा खाली ठेवून म्हणाला, "हे बघ, दगड खरा असला तर मी सगळ्यांसमोर टोपी काढीन. मला लबाडी नको आहे. पण आमच्याकडे सगळे म्हणतात, तुमच्या म्हाताऱ्यांनी तो हलवला. खूण निघाली की विषय संपला. निघेल ना?"

पँक्राझने ताटातल्या कोंबड्याकडे पाहिलं. अकरांतला एक, रश्शात पाय बुडवून उभा.

"ते सांगता येत नाही," तो म्हणाला.

"बघ, बघ! अगं ताई, याला घर पेटलंय का विचारलं तरी हेच म्हणेल."

बाबेट नेहमीसारखी मोठ्याने हसली नाही. तिने नवऱ्याच्या ताटात तिसरा गोळा घातला, आणि तो तसाच राहिलेला पाहून परत काढून घेतला.

दगड उचलायचा दिवस एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी, सकाळी दहाला. पँक्राझने रविवारचा काळा कोट घातला आणि डाव्या खिशात खऱ्या खुणा टाकल्या. पूर्ण संच, रीतसर. खड्ड्यात पहिला तोच उतरणार होता आणि सगळ्यांच्या पाठी असणार होत्या. तुकडे उजव्या खिशात, खुणा मातीत, दोन मिनिटांचं काम. मग शोर्शला बोलवायचं. झाड वाचेल, नाव वाचेल, आणि खोटं तरी काय त्यात? दगड तर खराच आहे. हे त्याने स्वतःला घरापासून लिंडनपर्यंत चारदा समजावलं.

शिवारात दोन्ही गावांतली निम्मी माणसं जमली होती. मोजणीसाहेब त्साइटलर तिपाई घेऊन आले होते, सडपातळ, चष्म्याला धूळ चालत नसे असे. बायका रीतीप्रमाणे तीस पावलांवर, टोपल्यांत सॉसेज आणि पाव घेऊन. बाबेटही त्यांत होती, एप्रन लावून, हात पोटाशी धरून. पँक्राझ सोडून आमचे पाच आणि त्यांचे सात, अशा बारा जणांनी पाठ केली. पहारींनी दगड कलता केला, बाजूला लोटला, पहार लावणारेही तोंड फिरवून उभे राहिले. पँक्राझ खड्ड्यात उतरला.

माती बोटांनी सारली. तुकडे जसे मांडले तसेच होते, तिरके, एकमेकांना टेकून. त्याने थुंकी लावून एक पुसला. कोंबड्याची शेपटी लालभडक निघाली, जणू कालच कुणी रंगवलीय.

डाव्या खिशातला हात बाहेर येईना. इतकी वर्षं लोक या शिवारात याच्या शब्दावर कुंपणं घालत आले होते. भावाभावांचे तंटे याच खड्ड्यांत बघून त्याने मिटवले होते, आणि कुणी कधी 'दाखव' म्हटलं नव्हतं. वर बारा माणसं अजूनही पाठ करून उभी होती. कुणीही डोकावत नव्हतं. हेच त्याला सोसेना.

"शोर्श," त्याने हाक मारली. "खाली ये. साहेब, तुम्हीही या. सगळेच वळा. इथे लपवण्यासारखं काही नाही."

वळले. शोर्श गुडघ्यांवर बसला आणि वाकून पाहिलं.

"ही खूण नाही," तो म्हणाला.

"नाही," पँक्राझ म्हणाला. "ही बशी आहे. मी ठेवली. एकोणपन्नास साली, दगड रोवताना. खुणा माझ्याकडून ओढ्यात पडल्या होत्या, आणि हे सांगायची मला लाज वाटली. दगड तेव्हापासून इथेच आहे. चूक माझी आहे, गावाची नाही."

क्राउसडोर्फच्या बाजूने कुणीतरी शीळ घातली. आमचे सरपंच तिपाईला धरून उभे राहिले.

"साहेब, लिहा," शोर्श म्हणाला, पण त्याचा आवाज रविवारसारखा चढा नव्हता. "दगडाखाली खूण नाही. आणि पँक्राझ, तुझ्यावर माझा विश्वास आहे रे, पण असं कसं चालेल? फुटकी बशी कुणीही, कधीही पुरेल. कालसुद्धा. एकोणपन्नासची आहे हे कशावरून?"

"याला साक्षीदार कोण?" साहेबांनी विचारलं. "त्या वेळचे तुमचे बाकीचे लोक?"

"सगळे चर्चमागे आहेत," पँक्राझ म्हणाला. "पुरलेले."

साहेबांनी पेन उघडलं, तेवढ्यात तीस पावलांवरून एक बाई चालत निघाली. "ओ, बाबेट! रीत आहे, इकडे यायचं नाही!" कुणी तरी ओरडलं. "रीत मला माहीत आहे," ती म्हणाली आणि कड्यातल्या दोन क्राउसडोर्फवाल्यांना दुधाच्या किटल्या सारल्यासारखं बाजूला सारून खड्ड्याच्या काठावर आली. एप्रनखालून तिने एक फडकं काढलं. फडक्यात अर्धी बशी होती. निळा काठ, आणि मधे कोंबड्याचं डोकं, चोच उघडी.

"दे ते तुकडे," ती नवऱ्याला म्हणाली.

त्याने दिले. तिने गवतावर फडकं पसरलं आणि एकेक तुकडा लावला. तिसरा बसला तेव्हा बारीक टक् असा आवाज झाला, आणि एकोणतीस वर्षांनी कोंबडा पुरा झाला.

पँक्राझ खड्ड्यातून तिच्याकडे तोंड उघडं टाकून पाहत राहिला. पण तिचं लक्ष भावाकडे होतं.

"शोर्श, ही बशी ओळखतोस?"

शोर्शचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "ही? हिच्यापायी आईने मला लाटण्याने बडवला होता! क्युखले चोरताना मी फोडली आणि तुकडे लपवले म्हणून. मी हातही लावला नव्हता! दोन दिवस बसता आलं नाही मला."

"कधी?"

"केर्वाच्या सोमवारी."

"कुठल्या?"

"कुठल्या काय, तोच. मी दहा वर्षांचा होतो. दुपारी आम्हा पोरांना दगडाजवळ नेलं, आणि..." त्याचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला, आणि तिथेच थांबला.

आमच्या दोन्ही गावांत नवा दगड रोवला की पोरांना तिथे उभं करून एकेकाचा कान कळवळेपर्यंत पिळतात. का, तर जागा जन्मभर लक्षात राहावी. कागदाला पाणी लागतं, कानाला लागत नाही. आमच्याकडच्या कानांची साक्ष क्राउसडोर्फने मानली नसती, पण हा कान त्यांच्याच म्होरक्याचा होता.

शोर्शच्या मागे त्याचं गाव उभं होतं, बायका-पोरं, नवी पंचायत, केर्वाची स्वप्नं बघणारी. त्याने एवढंच म्हटलं तरी पुरे होतं, की आठवत नाही, दहा वर्षांच्या पोराला काय आठवणार. कुणी त्याला खोटं पाडू शकलं नसतं. त्याने एकदा लिंडनकडे पाहिलं, एकदा कोंबड्याकडे, आणि टोपी काढली.

"लिहा, साहेब. एकोणपन्नास सालच्या केर्वाच्या सोमवारी दुपारी हा दगड रोवला. माझा कान पिळला गेला, मी साक्षीदार. त्याच दिवशी ही बशी आमच्या घरात फुटली आणि संध्याकाळी मला मार बसला. बशी दगडाखाली आहे, म्हणजे त्या दिवशीपासून दगड इथेच आहे. हलला असता, तर या शेपटीवर बसला नसता." मग मागे वळून ओरडला, "काय बघता? झाड त्यांचं आहे! माझ्या दोन्ही कानांची शपथ!"

साहेबांनी चष्मा पुसला, लिहिलं, आणि म्हणाले, "तीस वर्षांच्या नोकरीत असा पुरावा मी नोंदवलेला नाही. आकृती काढावी लागेल." आणि खरंच त्यांनी वहीत एक कोंबडा काढला.

आमच्या लोकांनी आरोळी ठोकली. सरपंच तिपाईला मिठी मारता मारता राहिले. क्राउसडोर्फवाले थोडा वेळ रुसले, पण सॉसेज उकळून तयार होते आणि बिअरचं पिंप फोडलेलं होतं. फार काळ रुसायला कुणाला परवडत नाही.

शोर्शचं मात्र संपलं नव्हतं. "म्हणजे फोडली याने," तो पँक्राझकडे बोट करत बहिणीला म्हणाला, "तुला माहीत होतं, आणि तू मला मार खाऊ दिलास?"

"दिला," बाबेट म्हणाली. "सांगितलं असतं तर आईने याला उंबरा चढू दिला नसता. त्याची भरपाई म्हणून तर दर रविवारी तुला जेवायला घालते. कधी विचार केलास, वीसेक वर्षं फुकट गोळे कसे मिळतात?"

शोर्शने विचार केला आणि त्याला हिशेब पटला असावा. तरी त्याने पँक्राझला दगडाजवळ उभं केलं आणि सगळ्यांसमोर त्याचा कान असा पिळला, की पँक्राझच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कानामुळे होतं की कशामुळे, ते सांगता येत नाही.

मग दगड पुन्हा रोवायचा म्हणून सगळे पांगले, पाठी वळल्या. पँक्राझ बाबेटला थोडं बाजूला घेऊन गेला.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"त्याच संध्याकाळपासून. वर तक्तपोशीवर नाचताना मी तुझ्या खिशात हात घातला, तुकडे परत घ्यायला. खिशात नुसती माती. मी विचारलं, तुकडे कुठायत? आणि तू काय म्हणालास?"

पँक्राझला आठवलं. तो कानापर्यंत लाल झाला, एक कान तर आधीच लाल होता.

"'ते सांगता येत नाही,'" बाबेट म्हणाली. "हे वाक्य तू दगडांपुरतंच वापरायचास तेव्हा. मला काय अक्कल नाही?"

"मग इतकी वर्षं रोज जेवताना का विचारत होतीस? काय असतं दगडाखाली म्हणून?"

ती फडक्याची गाठ मारत होती. "तू कधी खोटं सांगतोस का, ते बघत होते. एकदा तरी काहीतरी थाप मारशील, माझं तोंड बंद करायला. नाही मारलीस." आणि तिने त्याचा दुखरा कान हलकेच चोळला. पँक्राझने तिचा हात बराच वेळ सोडला नाही, दोन गावांच्या देखत, आणि आमच्याकडे हे बोलण्यापेक्षा जास्त धरतात.

मे महिन्यात सहा सातवाले हानेस चांभाराच्या जागेसाठी बसले. चर्चा फार झाली नाही. तोंड मिटता येणारं माणूस सापडलं होतं. बाईमाणूस चालेल का यावर एकाने घसा खाकरला, तेव्हा दुसरा म्हणाला की शपथ न घेता जिने एकोणतीस वर्षं पाळली, तिला शपथ दिली तर बिघडणार काय? नोंदीत सरपंचांनी 'बी. ड्युच' एवढंच लिहिलं. मोठ्या कचेरीतून अजून कुणी विचारलेलं नाही.

बाबेटने चौदा नंबरच्या दगडावर हात ठेवून शपथ घेतली. बाकीच्यांनी पाठी वळवल्या. पँक्राझ म्होरक्या, म्हणून रीतीप्रमाणे तो तिच्या कानाशी वाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला खरी खूण सांगितली. काय ठेवायचं, किती, कुठल्या क्रमाने, तोंड कुठल्या दिशेला.

बाबेटने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "यापेक्षा माझी बशी बरी होती."